हफीजाच्या चिंध्यांचा बंदोबस्त

रत्नागिरी,
शनिवार, दुपार (हफीजा जरा आडवी झाल्यावर)

आदरणीय आपा,

मुसाचा अदबीने सलाम. तुमचे गुडघे, भाईसाहेबांचा खोकला आणि बुरोंडीच्या घराचं गळकं न्हाणीघर, तिघांची तब्येत बरी असेल अशी आशा करतो. इकडे अल्लाच्या मेहेरबानीने आम्ही खुशाल आहोत. (आम्ही म्हणजे तुमची बहीण. माझं खाली सांगतो.) फोन सोडून पत्र कशाला, असं वाटेल तुम्हाला. पण तुम्ही फोन स्पीकरवर ठेवून मासे साफ करता, आणि मी इकडे कितीही हळू बोललो तरी तुमचं "काऽऽय केलंत?" हफीजाला थेट स्वयंपाकघरात ऐकू जातं.

तर काय केलं ते. तुमच्या बहिणीने गेल्या पस्तीस वर्षांत ह्या घरातलं एकही कापड मरू दिलेलं नाही, हे तुम्ही जाणताच. कपडा फाटला की त्याचा तुकडा, तुकड्याचं बोचकं, आणि बोचकं कपाटात, पलंगाखाली, पोटमाळ्यावर. त्यातून ती गोधड्या शिवते. छान शिवते, माझं काही म्हणणं नाही. आता आमच्या लेकीचे, मनालचे, पुढल्या महिन्यात दिवस भरतात, बाळासाठी गोधडी हवी, आणि त्या गोधडीत घरच्या प्रत्येक माणसाच्या कपड्याचा एकेक तुकडा हवा, म्हणजे बाळाला सगळ्यांची ऊब मिळते, असं हफीजाचं शास्त्र. शास्त्राला माझी हरकत नव्हती. पण एक तुकडा शोधायला ती दोन दोन दिवस बोचक्यांत बसलेली मला बघवेना. आपा, मी सव्वीस वर्षं बोटीवर स्टोअर सांभाळलं आहे. चार हजार वस्तू! चीफ इंजिनियरने वाफेच्या नळीचा कसलाही बारीक वायसर मागितला तर मी डोळे मिटून हात घालायचो. (एकदा चुकून कप्तानसाहेबांच्या टोपीत घातला होता, पण तो विषय वेगळा.) अशा माणसाच्या स्वतःच्या घरात हा गोंधळ असावा?

म्हणून गेल्या महिन्यात हफीजा चार दिवस वेळणेश्वरला मैत्रिणीकडे गेली, तेवढ्यात मी सगळी बोचकी सोडली. बाजारातून झाकणाचे बावीस हवाबंद डबे आणले. एकूण एक तुकडा इस्त्री केला, रंगाप्रमाणे लावला, रंगात मापाप्रमाणे, आणि डब्यांवर चिठ्ठ्या चिकटवल्या. नि-ल-३ म्हणजे निळा, लहान, तिसरा डबा. हि-मो-१ म्हणजे हिरवा, मोठा, पहिला. लहान पोरालाही कळेल. ज्या ओढण्यांत तिने बोचकी बांधली होती त्याही इस्त्री करून 'मोठे तुकडे' ह्या सदरात टाकल्या. एवढं नीटनेटकं स्टोअर मला बोटीवरही जमलं नव्हतं. खरं सांगतो, शाबासकी मिळेल म्हणून मी दाढी करून बसलो होतो.

हफीजा आली. डबे बघितले. एवढंच म्हणाली, "मनालचं जावळ काढलं, त्या अकिक्याच्या झबल्याचा तुकडा काढून द्या." मी म्हटलं, रंग सांग. ती म्हणाली, "रंग कशाला? तो मनालच्या बोचक्यात होता." तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला, आणि पडला तो चांगला नव्हे. आपा, ती बोचकी रंगाची नव्हती, माणसांची होती! मनालची ओढणी, तिच्यात मनालचे कपडे. तुमच्या जांभळ्या ओढणीत तुमचे. अम्मांच्या ओढणीत अम्मांचे. मी चार दिवसांत अख्खं खानदान सोडून रंगाप्रमाणे वाटून टाकलं.

त्यावर कहर म्हणजे हवाबंद डबे. रत्नागिरीची ही दमट हवा मी डब्यात घालून वर झाकण लावलं, असं त्याचं झालं. आठ दिवसांत पांढऱ्या तुकड्यांना बुरशीची दाढी फुटली. सगळं अंगणात, खळ्यात चटया टाकून आणि कुंपणाच्या गडग्यावर पसरून वाळवलं. शेजारच्या दमयंतीबाई आल्या, त्यांना वाटलं मी निवृत्तीनंतर दुकान काढलं. मी खुलासा करेपर्यंत त्यांनी तीन तुकडे बाजूला काढून भावही केला होता.

तेव्हापासून हफीजा माझ्याशी धड बोलत नाही. मी तुकडा दाखवून विचारतो, हा कोणाचा? ती म्हणते, "आठवा." बस्स. गोधडीला हात लावलेला नाही. दिवस जवळ आले, आणि माझं नातवंड माझ्या शिस्तीपायी उघडं पडणार की काय, ह्या विचाराने मला घास गोड लागत नाही. चूक माझी नाही, पद्धत उत्तमच होती, पण जीव तुटतो हो.

भाईसाहेबांस सलाम.

आपला,
मुसा

ता. क. : तुम्ही चार दिवस या. कोणाचा तुकडा कुठला हे हफीजाखेरीज फक्त तुम्ही सांगू शकाल. मी बोलावलं म्हणू नका, डोळे तपासायला आले म्हणा.

ता. क. २ : एकही तुकडा गहाळ नाही, असं कोणी विचारलं तर सांगा. दमयंतीबाईंना एक जरीचा हिरवा दिला, नाही म्हणता येईना. तो तुमच्या निकाहातला असावा असं आता वाटतं.

ता. क. ३ : आपा, ही हफीजा. ह्यांचं अक्षर पोस्टमनला लागत नाही, म्हणून पाकिटावर पत्ता नेहमी मीच घालते. पाकीट उघडंच माझ्या हातात दिलं आणि वर म्हणतात, वाचू नको. तू येऊ नकोस. तुकडे मला सगळे ओळखू येतात, अंधारातही. मनालच्या बाळाची गोधडी बुधवारीच शिवून झाली, दमयंतीकडे ठेवली आहे, तुझ्या हिरव्यासकट. पण हे रोज जेवलं की डबा घेऊन माझ्यापुढे बसतात आणि विचारतात, हा कोणाचा, हा कधीचा. मनालचा अकीका झाला तेव्हा हे ब्राझीलला होते, ह्यांचे अब्बा गेले तेव्हा सुएझमध्ये. घरात मागे काय काय झालं, हे ह्यांनी कधी विचारलंच नव्हतं गो. काल अब्बांचा सदरा बरोबर ओळखला. मी म्हटलं, चूक, नीट बघा. मग तासभर तो हातात धरून बसले. अजून तीन डबे बाकी आहेत. ते संपले की ये.