पाच फंड, एकच माल

सूनबाई,

मी मामाच्या ऑफिसात चालले आहे. काल तू फंडांची तुलना करणाऱ्या वेबसाइटवर माझे पाचही फंड टाकलेस आणि पाचांत त्याच त्या कंपन्या निघाल्या. बाजार पडला की पाचही एकदम गडगडणार, सोबत माझं म्हातारपण. आणि माझा सख्खा भाऊ म्हणतो, "ताई, पैसे पाच ठिकाणी आहेत, निवांत राहा." मेल्याने कमिशन मात्र पाचदा खाल्लं! चार फंड आज बंद करायला लावते.

तुझे सासरे गेल्यापासून सगळे मला नुसतं "इथे सही कर" म्हणाले. न चिडता समजावलंस ते तू एकटीने. "मामांच्या भानगडीत पडू नकोस" म्हणणाऱ्या नवऱ्याचं ऐकलं नाहीस, फार बरं केलंस.

मामा फोनवर ओरडला, "ताईचे कान कोणी भरले?" तर बिनधास्त तुझं नाव सांग. मी त्याच्यासमोर बसून तेच सांगत असेन.