अ‍ॅपलगार्थ कुठले?

३ जानेवारी
लेकीचं, रेवाचं लग्न एड्रियन अ‍ॅपलगार्थशीच. माझं ठरलंय, भावजींचं नाही. आज हिमायतनगरला त्यांच्याकडे गेले. हे गेल्यापासून घरात शब्द थोरल्या दिरांचा, कन्यादानही तेच करायचे. म्हणाले, "आडनावाचं मूळ सांग. कुठले, कोण. मग बोलू." बरं. शोधते.

५ जाने.
नेटवर सापडलं. विरळाच आडनाव, इंग्लंडच्या उत्तरेकडचं. अर्थ सफरचंदांची वाडी. म्हणजे आपल्यासारखंच, राहत्या जागेवरून पडलेलं. उगाच धास्तावले होते. लॉर्डबिर्ड निघाले असते तर भावजी जास्त खूश झाले असते, पण वाडी चालेल.

९ जाने.
मलकपेठ, एड्रियनकडे. त्याचे डॅडी रेल्वेतून रिटायर. मी सवयीने गोत्र विचारून बसले! रेवाने कपाळाला हात लावला. वाडीचं सांगितलं तर डॅडी त्यांच्या आजोबांचं सांगू लागले, "वो वाडी हमारी नै जी. दादा छोटे थे, माँ-बाप बीमारी में गए. पादरी ने पाला, अपना नाम दिया. उनका आगे कोई नै था. नाम हम चलारे."

१० जाने.
रेवा म्हणते, "आई, वाडीचंच सांग ना. खोटं थोडंच आहे?" खोटं नाही. पण त्या माणसाने इतक्या सरळपणे सांगितलेलं मी का झाकू? नाही. सगळं सांगणार.

१४ जाने., संक्रांत
तिळगूळ दिला आणि सांगून टाकलं. भावजी: "मग रक्त कुणाचं?"
म्हटलं, "तुमचे आजोबा दत्तक आले, तेव्हा कुणी विचारलं?"
"ते भाऊबंदांतले होते, सुनंदा."
आवाज चढला नाही, हेच वाईट. जाऊबाई पदराशी चाळा करत बसल्या. रिक्षात रडले. राग जास्त की दुःख, कळेना.

१९ जाने.
गुरुजींना विचारलं, कन्यादान मी एकटीने केलं तर? "बघावं लागेल." म्हटलं, बघा, पण मुहूर्त फाल्गुनातलाच. मी बसणार. शेजारी भावजी-जाऊबाईंसाठी दोन पाट मांडायला सांगितलेत. त्यांनी यावं असं फार वाटतं. नाही आले तरी पाट उचलू देणार नाही.