पुठ्ठ्यावरचा कीबोर्ड

१० जानेवारी २०००
आईला जाऊन पाच दिवस झाले. शाळेत गेलो. घरी बसून उपयोग नाही, आणि शाळेत दोन कॉम्प्युटर आलेत. नववीला आता तो विषय आहे. खोलीबाहेर चपला काढल्या. शिपाई रखमाजींनी दारातच अडवलं. म्हणाले, तुला सुतक हाय, तेरावं होऊ दे, मग शिव मशिनीला. मशिनीला सुतक नसतं असं सांगणार होतो. चपला परत घातल्या.

११ जानेवारी
बाकीचे आत, मी वर्गात. सर सकाळी म्हणाले होते, कीबोर्डवर अक्षरांच्या तीन ओळी, दहा, नऊ आणि सात. क्रम सांगितला नाही. सांगायची गरजच नाही. एवढं हुशार यंत्र, A पासून Z पर्यंत ओळीनेच असणार.
आईच्या औषधांचा खोका फाडून पुठ्ठ्यावर कीबोर्ड काढला. खोक्याचा आता उपयोग नव्हता.

१३ जानेवारी
रोज दोन तास सराव. आई दवाखान्यात म्हणायची, त्या मशिनीवर माझं नाव उठतं का बघ. SAGUNA. सहा अक्षरं. सोपं आहे.

१५ जानेवारी
वर्गातल्या शेफालीने पुठ्ठा बघितला. म्हणाली, येड्या, पहिला Q असतो. Q ला कोण पहिला ठेवील? तिने नीट बघितलं नसणार. आत जायला मिळतं म्हणून लई शहाणी झालीय.

१८ जानेवारी
काल तेरावं झालं. आज माझी पाळी होती. हनुमंतला दिली. त्याला अजून सरावाची गरज आहे.
रडू आलेलं नाही. अभ्यासात वेळच नाही.

२१ जानेवारी
२६ तारखेला पालकांसमोर एकाने टाईप करून दाखवायचं आहे. सरांनी लांबून माझी पुठ्ठ्यावरची बोटं बघितली. म्हणाले, हाच करील. बाबांना सांगितलं, आईचं नाव काढणार आहे. बाबा म्हणाले, मंग मी येतो.

२६ जानेवारी, दुपारी १
डोळे मिटले. सहा बटणं दाबली. एकदाही थांबलो नाही.
डोळे उघडले तर LQUXFQ.
सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. पाहुण्यांनी विचारलं, हे काय? सर म्हणाले, कॉम्प्युटरची भाषा. परत करू का विचारलं, तर म्हणाले, झालं तेवढं बास. रखमाजींनी मशिनीवर कापड टाकलं.
शेफाली हसली नाही. हसली असती तर बरं झालं असतं.
वायर उलटी जोडलेली असणार.

संध्याकाळी ६
वायरीचं काही नाही. Q पहिलाच आहे. नंतर कापड उचलून बघितलं.
बाबांबरोबर घराच्या वाटेवर उत्रोलीपर्यंत चालत आलो. वाटेत बाबांनी विचारलं, उठलं का रं तिचं नाव? मला इंग्रजी वाचता येत न्हाई.
मी थोडं पुढं आल्यावर म्हणालो, न्हाई उठलं.
बाबा रस्त्यावरच्या मोरीच्या कट्ट्यावर बसले. म्हणाले, तुजा तो पुठ्ठा काढ, त्याच्यावर दाव.
दप्तरातून काढला. एकेक अक्षरावर बोट ठेवलं आणि मोठ्याने म्हटलं. बाबा बघत होते. म्हणाले, परत दाव.
परत दाखवलं. पुठ्ठ्यावर एकही चूक झाली नाही.