पाणी सोडून राहिले

मंगळवार, सप्टेंबर १९९८. संध्याकाळ.

दुपारी शाळेतल्या पोरींना घेऊन पूर्णेच्या पात्रात शिंपले गोळा करायला उतरले होते. काठावरून शिपाईमामा ओरडले, "बाई, धरणाचं पाणी सोडून राहिले!" मी पुण्याची, इथे नवी. मला वाटलं, सोडायचं राहिलं. राहिले म्हणजे राहिलंच ना? मी हसून मान डोलावली! मग मामाच धावत खाली आले. "काहून थांबल्या? आत्ता सोडून राहिले!" इकडे 'सोडून राहिले' म्हणजे सोडताहेत, हे तेव्हा कळलं. सगळ्या वर आलो, पण सगळ्यात मागे राहिलेल्या चंद्रा नावाच्या पोरीच्या कमरेपर्यंत पाणी आलं होतं.

आत्ता तिची आई येऊन पाया पडली. "बाई, तुमी व्हत्या म्हून लेकरू वाचलं." मी तिला हाताला धरून उठवलं. खरं सांगायची पाण्याहूनही जास्त भीती वाटली.