आधी स्वतःची भीती

सुमेधा,

तू अशी अचानक गेल्यापासून तुझ्या पेशंटांच्या घरची माणसं 'मॅडमचे मिस्टर' म्हणून मला भेटायला येतात. आज सायखेड्याच्या माजिदाबी आल्या होत्या. त्यांचे मिस्टर गेल्या वर्षी तुझ्या वॉर्डात कॅन्सरने वारले. हॉस्पिटलची डायरेक्टर झाल्यावरही तू संध्याकाळी त्यांच्याजवळ जाऊन बसायचीस, हे मला आजच कळलं.

त्या म्हणाल्या, "मॅडमची रीतच होती. पेशंटला कशाची भीती वाटते ते विचारायच्या, पण आधी स्वतःची एक सांगायच्या. आमच्या ह्यांना म्हणाल्या, 'भाईजान, मला रोज वाटतं, कुणीतरी येऊन म्हणेल, उठा, ही खुर्ची तुमची नाही.' हे हसले. म्हणाले, 'मग मॅडम, आपण दोघं एकदमच उठू.'"

तू डायरेक्टर झालीस तेव्हा मी सगळ्या सोसायटीत पेढे वाटले होते. "दडपण नाही ना आलं?" असं मी विचारलंही होतं. तू म्हणालीस, "छे, त्यात काय."

मेलेल्या, अनोळखी माणसाचा मला इतका हेवा वाटेल असं कधी वाटलं नव्हतं. बाईंनी आता जावं असं वाटत होतं, तरी मी त्यांच्यासाठी पुन्हा चहा टाकला. त्यांच्याकडे तुझं अजून काही असेल म्हणून.

मला कशाची भीती वाटते, हे तू कधी विचारलं नाहीस. विचारलं असतंस, तर तुझी आधी सांगावी लागली असती.

पेढे वाटणारा,
ढुंढिराज