पन्नास नंबरचं ऑइल

मिरजोळे, रत्नागिरी
५ मे १९८५

चि. रघू,

तुझं कार्ड शुक्रवारी पोचलं. माझे हात ट्रकच्या कामात काळे झाले होते, म्हणून शेजारच्या सखूकडून वाचून घेतलं. सासुरवाडीच्या बागेत यंदा आंबा बरा आहे, हे ऐकून बरं वाटलं. सौ. उमाच्या पाठीचं दुखणं थांबलं का? तिला माझा आशीर्वाद सांग. ती या खेपेला केबिनमध्ये बसून बहिणीकडे मुंबईला येणार म्हणतोस, तर मागची गादी उन्हात टाकून ठेवतो. तुझी आई त्याच गादीवर बसून गणपतीला माहेरी जायची आणि कशेडी घाटात डोळे मिटून माझ्या तोंडून मास्तरांची कविता ऐकायची. ऐकायची म्हणजे काय, भीती जावी म्हणून मला म्हणायला लावायची.

अक्षर मोठं आलंय आणि ओळी उतरत्या गेल्यात. हा पेन भलताच जाड चालतो. पुढच्या बाजारात दुसरा आणीन.

इकडे कातळ असा तापतोय, की दुपारी अंगणात पाय ठेववत नाही. गाडी मात्र फणसाच्या सावलीत आरामात आहे. तू शनिवारी पहाटे तिला गुहागरला आंब्याच्या पेट्या भरायला न्यायला येशील, तोवर सगळं तयार असेल. टायर बघून घेतले, स्प्रिंगच्या पाट्याला ग्रीस मारलं, रावजी मेस्त्रीने पंख्याचा पट्टा बदलून दिला. ऑइलच्या दाबाचा काटा पूर्वीसारखाच मध्ये अडकतो. काचेवर टिचकी मारली की चालतो, तुला ठाऊकच आहे.

आता ऑइलचं. शिमग्याला आपलं जे झालं ते पुन्हा उकरत नाही, पण माझं म्हणणं तू पुरतं ऐकलं नव्हतंस. तू नोकरीत चालवतोस त्या कंपनीच्या गाड्या नव्या. त्यांच्या पोटात तीस नंबरचं पातळ ऑइल शोभतं. सकाळी एका हाकेला इंजिन उठतं, डिझेलही कमी लागतं, हे खरं. पण आपली गाडी वयाने तुझ्यापेक्षा फार लहान नाही. तिच्या बेरिंगांत जागा पडली आहे. पातळ ऑइल तापलं की त्या जागेतून पाण्यासारखं पळतं, आणि लोखंडावर लोखंड येतं. तिला पन्नासच हवं. रावजी त्या दिवशी काय म्हणाला होता आठवतं? "रघूभाऊ, म्हातारीक दात नाय म्हणून तिला पेज देतस, पण म्हातारी डोंगर चढतेय ना. तिला घट्ट मऊ भात घाल." सगळं गॅरेज हसलं आणि तू रागावलास. "तुमची गाडी, तुमचं ऑइल. ओता काय ओतायचं ते," म्हणून एसटी पकडलीस.

तू आणलेले तीसचे टिन मी टाकून दिलेले नाहीत. फळीवर माझ्या पन्नासच्या शेजारीच ठेवलेत. कंपनी एकच, रंग एकच, फरक फक्त आकड्याचा.

आमचे शाळेतले गोळे मास्तर स्वतः कविता रचून फळ्यावर लिहायचे. पुस्तकातल्या कविता विसरलो असेन, ही विसरलो नाही:

हळू चाल रे बैला माझ्या, घाट पुढे आहे
चढणीला जो श्वास राखी, तोच उतार पाहे

मास्तरांनी मोटार पाहिली असेल की नाही कोण जाणे. पण मी ऑइल ओतताना दरवेळी हीच कविता म्हणतो. इंजिनाचा श्वास म्हणजे ऑइल, दुसरं काय?

शनिवारी ये. मी ओतून ठेवतो.

तुझा
नाना



मिरजोळे
११ मे, शनिवार सकाळ

रघू,

हे पत्र वाचल्याशिवाय आणि वाचून झाल्यावरही, मी सांगतो ते केल्याशिवाय गाडी हलवू नको. पेट्या भरून झाल्या असतील तरी हलवू नको. बाजार चुकला तर चुकू दे.

पत्र भागोजी ड्रायव्हरबरोबर देतोय. तो गुहागरची एसटी घेऊन जातोय. त्याच्या सीटखाली ऑइलचे तीन टिन ठेवलेत. टिनांना सुतळी बांधली आहे. सुतळीवाले पन्नास नंबरचे. सखूने आकडा दोनदा वाचून मग बांधली. तू तिन्हीसांजेला निघणार म्हणाला होतास. त्याच्याआधी हे तुझ्या हातात पडायला हवं. चिपळूणला बस रखडली नाही तर पडेल.

झालं ते असं. तू पहाटे निघून गेलास, आणि सखू रिकामे टिन मागायला आली. तिला रॉकेल ठेवायला हवे होते. टिन हातात घेऊन म्हणाली, "नाना, तुम्ही तर पन्नास पन्नास करत होतात. ह्याच्यावर तर तीस लिवलंय." मी म्हटलं, नीट बघ. ती म्हणाली, "मी सातवी पास आहे हो नाना. तीन आणि शून्य मला कळतात."

टिनांची अदलाबदल झाली. तुझं तीस आपल्या गाडीत गेलं.

हे वाचून तू हसशील. म्हणशील, म्हाताऱ्याने हट्ट केला आणि शेवटी माझंच ओतलं, आता चूक कबूल करायची सोडून बदल म्हणतोय. तोंडी निरोप पाठवला असता तर नक्की असंच म्हटलं असतंस, आणि भागोजीला चहा पाजून परत लावलं असतंस. म्हणून लिहायला बसलोय. रिकामी गाडी गुहागरपर्यंत जाईल, तिला काही होणार नाही. पण भरलेल्या पेट्या घेऊन कशेडी चढताना ऑइल तापणार. चढावर बेरिंग धरलं तर गाडी उभी राहील, तेवढंच. पण माथा ओलांडून उतारावर इंजिन जाम झालं, तर आपल्या गाडीचा ब्रेक इंजिनाच्या जोरावर चालतो हे तू विसरू नको. एक-दोनदा लागेल, मग पायाखाली दगड ठेवल्यासारखा होईल. आणि उमा शेजारी बसलेली असेल.

काट्यावर भरवसा ठेवू नको, तो अडकतो.

मी काल घाईत होतो. ऊन उतरायच्या आत ओतायचं होतं. फळीजवळ अंधार असतो.

हे खोटं आहे. फळीजवळ अंधार नव्हता. दार उघडं होतं आणि ऊन आत आलं होतं.

रघू, मला आकडा दिसला नाही. टिनावरचा नाही, कार्डावरची तुझी अक्षरंही नाहीत. हात काळे नव्हते त्या दिवशी. मागच्या दिवाळीपासून दोन्ही डोळ्यांत दूध ओतल्यासारखं झालंय. आधी दिव्याभोवती कडं दिसायचं, मग माणसांचे चेहरे गेले. आज पहाटे तू अंगणात आलास तेव्हा खोकलास म्हणून ओळखलं. पेन जाड चालतो असं लिहिलं होतं. पेन तोच आहे. मीच ओळ चाचपडत लिहितो, डाव्या हाताचं बोट कडेला ठेवून.

ऑइल मी बोटांवर घेऊन चोळून बघतो, तुला माहीत आहे. काल चोळलंसुद्धा. पण बाहेर इतकी तलखी होती, की टिन उन्हाने तापलेला, सगळंच पातळ लागत होतं. मी म्हटलं, उन्हामुळे असेल. आणि मास्तरांची कविता म्हणत ओतत राहिलो.

अजून एक गोष्ट राहिली. ती आकड्यापेक्षा वाईट आहे.

ऑइल मोजायची पट्टी ओढली, पण तिच्यावरची खूण मला दिसली नाही. ऑइल कुठवर आलं हे मी पाहिलेलंच नाही. एक टिन ओतताना किती सांडलं हेही कळलं नाही, सकाळी सखूने जमिनीवरचा डाग दाखवला तेव्हा कळलं. मोठा डाग आहे. म्हणजे पातळ आहे ते आहेच, वर कमीही असेल.

आणि तू पहाटे बॉनेटला हात घातलास तेव्हा मी काय म्हणालो? "मी ओतलंय. पट्टी पाहिली आहे." तू लगेच हात काढून घेतलास. कारण तू लहान असताना मीच तुला शिकवलं, की ज्याने ऑइल ओतलं त्याच्यामागून पट्टी ओढायची नाही. तो त्या माणसाचा अपमान. कोकणातले सगळे जुने ड्रायव्हर हे पाळतात. माझ्या मागून आजवर कुणी पट्टी ओढली नाही, आणि मला त्याचा केवढा अभिमान होता. त्या अभिमानापायी आज पहाटे तुझा हात थांबवला.

हे आधी का सांगितलं नाही, ते तुला कळतच असेल. सांगितलं असतं तर तू गाडी विकायला काढली असतीस आणि मला गुहागरला तुझ्या सासरच्या ओटीवर आणून बसवलं असतंस. तिथे फणसाखाली उभी असलेली गाडी नाही, आणि पाटा ठोकताना सोबतीला कविता नाही. हे सगळं मी मोठं मानलं. तुझ्या जिवापेक्षा मोठं मानलं असं म्हणणार नाही, पण काल संध्याकाळी तसंच वागलो.

भागोजी हॉर्न वाजवतोय. "नाना, लिवून झालं का, वेळ होतेय," म्हणून दोनदा ओरडला. त्याला सांगितलंय, गुहागर स्टँडवर सोडू नको, तुझ्या बागेच्या वाटेवर नेऊन हातात दे. तो म्हणाला, "देतो हो. रघूभाऊ माझ्या लग्नात ढोल वाजवत होता."

पट्टी ओढ. आधी पट्टी ओढ, मग हे परत वाच. जुनं ऑइल तापलेलं असतानाच काढ, म्हणजे पुरतं निघेल.

नाना



मिरजोळे
१६ मे १९८५

चि. रघू आणि सौ. उमा,

हे सखू लिहितेय, मी सांगतोय. तिला म्हटलं, माझं सांगणं जसंच्या तसं लिही, शहाणपणा घालू नको. ती म्हणते, शहाणपणा घातला तर निदान वाचता तरी येईल.

शनिवारपासून काल दुपारपर्यंत तुमचं काहीच कळलं नव्हतं. भागोजी परतला तो सांगतो, चिपळूणला टायर बसला, गुहागरला पोचेपर्यंत दिवे लागले होते आणि बागेत गाडी नव्हती. "बायका म्हणाल्या, आताच गेली." त्याने तसाच मागे फिरून एका जीपवाल्याच्या हाती पत्र आणि टिन चिपळूणकडे धाडले. जीपवाला कोण, तर त्याला नाव माहीत नाही. मास्तरांची कविता आठवायला गेलो तर पहिली ओळ यायची आणि दुसरीतल्या उताराशी येऊन मी थांबायचो.

पोस्टमन आला की मी अंगणाच्या टोकाशी जायचो. तो लांबूनच म्हणायचा, "नाही हो नाना." कुणाचा ट्रक नाक्यावर थांबला तरी इंजिनाचा आवाज ओळखायला कान लावायचो. आपलं नसायचं.

काल गणपतीपुळ्याकडचा एक ट्रकवाला मुंबईहून परतताना नाक्यावर थांबला. त्याने एक फळी दिली. आंब्याच्या पेटीची बाजूची फळी. म्हणाला, "तुमच्या मुलाने दिली. हातात द्या म्हणाला, दुसऱ्या कुणाला वाचायला देऊ नका म्हणाला."

मी ती उन्हात धरली. पेट्यांवर व्यापाऱ्याचं नाव घालतात त्या काळ्या रंगाने, ब्रशने, अंगठ्याएवढी अक्षरं. एकेक अक्षर बोटाने चाचपत, फळी डोळ्याशी नेत, मी वाचली. मी स्वतः वाचली, रघू.

"नाना. पट्टी अर्धी कोरडी. चिपळुणात पत्र मिळालं. बदललं. पन्नासच. घाट उतरलो. डोळे दाखवायचे."

सखूला मी ती दाखवली नाही. आता सांगून लिहून घेतोय, पण दाखवली नाही. गादीखाली ठेवली आहे.

डोळे दाखवायला येतो. मुंबईला ने नाहीतर इकडेच सिव्हिलला ने, जिथे म्हणशील तिथे. गाडीचं काय करायचं ते तू ठरव. पावसाआधी गिऱ्हाईक आलं तर फणसाखालचा तो ऑइलचा डाग लपवू नको, त्याला दाखव, आणि पन्नासच घालायला सांग.

आणि ती गाडी असो की दुसरी कुठली, मी ओतलं असेल तर माझ्यामागून पट्टी ओढायची. माझ्यासमोर ओढायची.

यापुढची ओळ सखूची नाही, माझी आहे. तिरकी गेली तर जाऊ दे.

तुझा नाना