पंधराव्या मजल्याचा दिवा

कार्डिफ, सोमवार, ३ नोव्हेंबर १९८६

नोकरीचा पहिला दिवस, आणि छान गेला! शहरातली सगळ्यात उंच ऑफिस-बिल्डिंग, त्यात चौदाव्या मजल्यावर आमचा टेलिफोनचा स्विचबोर्ड. लिफ्टमध्ये कानांना दडे बसले, पण खिडकीतून थेट समुद्र दिसतो. शेजारच्या खुर्चीवर ग्लेनिस, पन्नाशीची, सतत पेपरमिंट चघळणारी. वेल्शमध्ये गुड मॉर्निंगला ‘बोरे दा’ म्हणायचं, हे तिनं माझ्याकडून घोकून घेतलं. संध्याकाळी जगदीश न्यायला आला. दोघांनी गाडीतच फिश-चिप्स खाल्ले. मार्चमध्ये आमची चिमुरडी लेक मीनल गेल्यापासून तो पहिल्यांदा पोटभर जेवला. लंडनमधलं हॅरोचं घर सोडलं ते बरंच झालं. तिथे तिची खाट होती.

शुक्रवार, ७ नोव्हेंबर

आमच्या वरचा पंधरावा मजला रिकामा आहे. तिथली इन्शुरन्स कंपनी कधीच गेली. तरी आज बोर्डावर त्या मजल्याचा दिवा लागला. मी बटण दाबणार, तोच ग्लेनिसनं माझा हात धरला. वायरिंगमध्ये ओल आहे, तो फोन कधी घ्यायचा नाही, म्हणाली.

बुधवार, १२ नोव्हेंबर

ग्लेनिस डेंटिस्टकडे गेली होती. दुपारी तोच दिवा. सवयीनं फोन घेतला, हॅलो म्हटलं.

"आई, पाणी."

मीनल. माझी मीनल. हॉस्पिटलमध्ये शेवटच्या दिवशी मागत होती, अगदी तसंच. ऑपरेशनआधी पाणी द्यायला मनाई होती. मी दिलं नव्हतं.

गुरुवार, १३ नोव्हेंबर

ग्लेनिसला सांगितलं. ती रडायलाच लागली. तिचा भाऊ कोळशाच्या खाणीत दबून मेला. त्या लाइनवर तो अजून विचारतो, आई उठली का. इतक्या वर्षांत त्या लाइनवर जिवंत माणूस कधी आला नाही, म्हणाली. तो आवाज आपलं काही ऐकत नाही, शैला, नुसता बोलावतो.

बुधवार, १९ नोव्हेंबर

आता दिव्याची वाट बघते. आज जेवताना जगदीशला सगळं सांगितलं. त्यानं चमचा खाली ठेवला. उद्याच नोकरी सोड, म्हणाला. मग सिंकपाशी पाठमोरा उभा राहून हळूच विचारलं, "कशी वाटते गं? दुखतंय का तिला?"



सोमवार, २४ नोव्हेंबर

लंचच्या वेळी पेला भरून जिन्यानं वर गेले. दाराला कुलूप. काचेतून नुसता राखाडी गालिचा आणि भिंतीतून लोंबणाऱ्या तुटक्या वायरी. टेलिफोन एकही नाही. पेला बाहेर दाराशी ठेवला. घे गं बाळा, म्हटलं.

मंगळवार, २५ नोव्हेंबर

पेला रिकामा. कुलूप तसंच, पण पेला आतल्या बाजूला. दाराच्या काचेवर आतून ओठांचा ठसा आहे — माझ्या डोक्याच्याही वर.

गुरुवार, २७ नोव्हेंबर

आज तिला विचारलं, आपल्या मांजराचं नाव सांग. नुसतं तेच, आई, पाणी. पुन्हा विचारलं.

"आई, वर ये."

मीनल ते नाव विसरली नसती. ही ती नाही. टॉयलेटमध्ये जाऊन रडले. पोर दुसऱ्यांदा गेल्यासारखं —

सोमवारी शेवटचा दिवस, असं ऑफिसात सांगून आले. जगदीश म्हणतो, मला एकदाच ऐकू दे. अरे, ती नाही, म्हटलं. नसू दे, म्हणतो. आवाज तर तिचा आहे ना —

सोमवार, १ डिसेंबर

जगदीश तीनला तो आवाज ऐकायला येणार होता. आता बाहेर अंधार पडायला लागला. खाली रिसेप्शनला विचारलं. ते म्हणतात, तो केव्हाच लिफ्टनं वर गेला. इथे तर आला नाही —

लिफ्टचा आकडा पंधरावर. हलत नाही.

दिवा लागला. घेतला.

"शैला, वर ये."

जगदीशचा आवाज —

ग्लेनिस दाराशी आडवी उभी आहे. रडते आहे. जाऊ नकोस, म्हणते. त्या लाइनवर जिवंत माणूस —

नको. ते लिहायचं नाही.

पुन्हा दिवा. तिला बाजूला सारून जाणार आहे. जिवंत असेल तर जायलाच हवं. आणि नसेल, तर तो तिथे एकटा —